मास्तरांचे पंधरा गुण

महागड्या वाइनला कमी गुण दिले तर वकिलाचं पत्र येतं. स्वस्त वाइनला कमी गुण दिले तर माणूस स्वतः येतो. मास्तरांनी एकवीस वर्षं स्वस्त वाइन चाखली, त्यामुळे त्यांना कायद्याची ओळख फारशी झाली नाही. माणसांची मात्र झाली.

ते कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. साठ दुकानांच्या एका साखळीच्या गोदामात ते वाइनला वीसपैकी गुण देत, म्हणून लोडरांनी त्यांना मास्तर केलं होतं. गोदामाच्या मागच्या अंगाला, मालाचं दार आणि फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्ज करायची जागा यांच्यामध्ये, पांढऱ्या फरश्यांची एक खोली होती. एक लांब टेबल, ग्लास, थुंकायला तीन बादल्या. दुकानातल्या सगळ्यात खालच्या दोन फळ्यांवर जो माल जायचा, म्हणजे कामावरून घरी जाताना माणूस वाकून, फार विचार न करता जी बाटली उचलतो, ती आधी या खोलीतून जायची. दहाच्या खाली गुण पडले तर बाटली फळीवर चढत नसे. चढली तर तिच्याखाली चिठ्ठी लागे : गुण, मास्तरांची एक ओळ आणि मास्तरांची सही.

त्या ओळी वाचायला लोक दुकानात उभे राहत. डोंगराकडच्या एका तांबड्या वाइनबद्दल त्यांनी लिहिलं होतं, ‘आधी कानफटात देते, मग माफी मागते. बारा.’ किनाऱ्याकडच्या पांढरीबद्दल, ‘गोड बोलत बोलत पोटात गुद्दा. अकरा.’ कोरड्या पठारावरच्या जाड, काळपट वाइनबद्दल, ‘समोरून येते, लपूनछपून काही नाही. भाजलेल्या मांसाबरोबर झुंजू द्यावी. साडेतेरा.’ आणि जहाजाच्या टाकीत भरून येणारी, जिचा मुलूख कुणालाच नक्की सांगता येत नसे, तिच्याबद्दल फक्त, ‘हिला आईबाप नाहीत आणि ते कळतं. दहा.’

ही भाषा त्यांनी अनुभवातून उचलली होती. सहा गुण मिळालेला डोंगराकडचा एक बागवाला त्यांना मालाच्या दारात दोन थोबाडीत ठेवून शांतपणे ट्रकमध्ये जाऊन बसला होता. किनाऱ्याच्या दोघा भावांनी त्यांना पार्किंगमध्ये गाठलं; एकाने हात पिरगळून धरले, दुसऱ्याने त्यांच्याच वाइनची बाटली मास्तरांच्या तोंडाला लावली आणि रिकामी होईपर्यंत काढली नाही.

“मी आठ दिले होते,” मास्तर नंतर ओठाला बर्फ लावून म्हणाले. “पूर्ण बाटलीनंतर सात वाटतात.”

तिसऱ्या वेळी मारणारा घरचाच होता.

मास्तरांचे साडू, म्हणजे त्यांच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, अंगाने दरवाजाएवढे होते. चार मुलखांतून टँकरने वाइन आणायची, एकत्र करायची आणि स्वतःचं लेबल लावून बाटल्यांत भरायची, असा त्यांचा कारखाना होता. गेल्या वर्षी त्यांच्या वाइनला मास्तरांनी नऊ दिले. कुणाची वाइन ते मास्तरांना ठाऊक नव्हतं, कारण चाखताना प्रत्येक बाटलीवर लोकरी मोजा चढवलेला असे आणि मोज्यावर फक्त नंबर. यादी लागली त्या दिवशी दुपारी साडू गोदामात आले.

“नऊ? साडूला नऊ?”

“साडूभाऊ, मोज्यावर नाव नसतं.”

“मग मोजा खाली करून बघायचास!”

हे वाक्य पुरं व्हायच्या आत पहिला गुद्दा बसला. दुसऱ्याने दोन बरगड्या गेल्या. तिसऱ्याला मास्तर मागे फेकले गेले आणि डोक्याची मागची बाजू लोखंडी रॅकच्या कोपऱ्यावर अशी आपटली, की वरच्या कप्प्यातून एक खोका घरंगळून खाली आला आणि बारा बाटल्या त्यांच्या भोवती फुटल्या. ते तांबड्या थारोळ्यात पडले होते, आणि त्यातलं किती त्यांचं आणि किती पठारावरचं, हे सगळ्यात आधी धावत आलेल्या फोर्कलिफ्टवाल्याला कळेना. तोवर साडू निघून गेले होते.

“कोण होता हो?”

“पॅलेटवरून पडलो,” मास्तर खोके रचायच्या लाकडी फळ्यांकडे बोट दाखवत म्हणाले. बायकोच्या बहिणीचं घर होतं ते. पोलीस त्या घरी गेले असते तर संध्याकाळी ती बहीण मास्तरांच्या घरी आली असती, आणि ते पोलिसांपेक्षा जड गेलं असतं.

बरगड्या दीड महिन्यात जुळल्या. डोकं दुखायचं थांबलं. एका सकाळी बायको आंघोळीला गेली असताना मास्तर स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत बसले होते. ती ओले केस घेऊन धावत बाहेर आली, तेव्हा शेगडीवर दुधाचं पातेलं काळं पडलं होतं, खोलीत धूर होता, आणि मास्तर पान उलटत होते.

“अहो! बसलाय काय? घर जळालं असतं!”

“आवाज कुठे आला?”

“आवाज? दुधाला आवाज कसला? वास, वास!” आणि मग तिच्या लक्षात आलं. तिने मुठीत कापलेला कांदा धरून त्यांच्या नाकाखाली नेला, मग कॉफीचा डबा, मग रॉकेल, मग दाराबाहेरची कचऱ्याची बादली. मास्तर प्रत्येकासमोर नाक पुढे करत होते आणि प्रत्येकाला शून्य देत होते.

“डॉक्टरकडे चला.”

डॉक्टरांनी सांगितलं, की डोकं मागून आपटलं की नाकाचे बारीक तंतू आतल्या आत तुटतात, कधी जुळतात, बहुतेकदा नाही. बाहेर आल्यावर बायकोने डॉक्टरांची चिठ्ठी चार घड्या करून पर्समध्ये कोंबली. मग म्हणाली, “दाजींचे हात तोडायला हवेत.”

“तुझ्या बहिणीला जेवू कोण घालेल मग?”

“ती घालेल की त्यांना. चमच्याने.”

मास्तरांनी कामावर काहीच सांगितलं नाही. जीभ शाबूत होती : गोड, आंबट, कडू, तुरट, दारूचा जाळ, सगळं कळत होतं. गेलं होतं ते बाकीचं, म्हणजे वाइन. रोज संध्याकाळी बायको त्यांना ग्लास भरून देई, स्वतः वास घेई आणि सांगे, “ओल्या लाकडासारखा,” किंवा “औषधाच्या दुकानासारखा,” आणि मास्तर आंबटपणा नि तुरटपणा जिभेवर तोलून तो वास कुठल्या चवीमागे लपत असेल याची खूणगाठ बांधत. तीन महिन्यांत त्यांचे अंदाज बरोबर यायला लागले. आंधळा माणूस स्वतःच्या घरात जसा न ठेचकाळता फिरतो तसे ते फिरू लागले, आणि कुणी फर्निचर हलवू नये एवढीच प्रार्थना उरली.

त्या खोलीत एक नियम होता. तो मास्तरांनीच बारा वर्षांपूर्वी आणला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. वर्षाच्या मोठ्या चाखणीला चोवीस बाटल्या मांडायच्या, पण त्यातल्या दोन एकाच वाइनच्या. त्यांना जुळी म्हणत. कुठले दोन नंबर जुळे ते फक्त मोजे चढवणाऱ्या खरेदीप्रमुख बाईंना माहीत. ज्याचे जुळ्यांचे गुण एकापेक्षा जास्तने चुकतील, त्याची जीभ त्या दिवशी ठिकाणावर नाही असं धरायचं आणि त्याचा कागद फाडायचा. बाई स्वतः थेंबही घेत नसत. त्यामुळे त्यांचा आकड्यांवर पूर्ण विश्वास होता.

चाखायला तिघे असत : मास्तर, लंबू आणि बरणी. लंबू का लंबू होता आणि बरणी का बरणी, हे त्यांना बघितलं की कळे. कागद हातात देईपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही, हाही नियमच.

सकाळी आठला सगळी बुचं काढली. दहाच्या सुमाराला सात नंबर आला. मास्तरांनी घोट घेतला. गोलसर, बेताचा तुरट, शेवटाला जरा गोडवा. टेबलापलीकडे लंबूचा चेहरा एकदम आखडला. बरणीने घोट न घेताच ग्लास बाजूला सारला आणि खिडकीकडे मान वळवली. मास्तरांनी ते पाहिलं. पुन्हा घोट घेतला. जिभेवर कुठेच काही खुपत नव्हतं. बायकोबरोबर बांधलेल्या एकाही खुणेत ही चव वाईट वासामागे लपलेली नव्हती. पेन थोडा वेळ कागदावर टेकलं. मग त्यांनी लिहिलं : पंधरा.

दुपारी एकोणीस नंबर आला आणि मास्तरांच्या जिभेने तो लगेच ओळखला. तोच गोलपणा, तोच शेवट. पंधरा.

कागद दिल्याबरोबर लंबू उठला. “सात नंबर! नासलेली अंडी! चार दिलेत, तेसुद्धा लाजेखातर.”

“मी पण चार,” बरणी म्हणाला. “गटार उघडलंय कुणीतरी बाटलीत.”

बाईंनी तिन्ही कागद शेजारी ठेवले. “सात आणि एकोणीस जुळे होते,” त्या म्हणाल्या. “लंबू, चार आणि नऊ. बरणी, चार आणि आठ. मास्तर, पंधरा आणि पंधरा.”

झालं होतं इतकंच, की एकोणीस नंबर सकाळपासून उघडा राहून त्याची निम्मी घाण उडून गेली होती आणि उरलेल्या घाणीला दोघांची नाकं सरावली होती. शाबूत नाक दिवसभरात थकतं. मास्तरांचं नाक दमायला मुळात कामावरच नव्हतं.

“बाई, तुम्ही स्वतः वास घ्या ना!” लंबू ओरडला.

“मी चाखणारी नाही. नियम आहे.” बाईंनी त्याचा कागद उभा फाडला, मग बरणीचा.

लंबूने हातातला ग्लास भिंतीवर असा मारला की काच बरणीच्या कानाला लागली. बरणीने आधी कान चाचपला, बोटाचं रक्त पाहिलं, आणि लंबूच्या पोटात डोकं घातलं. दोघे टेबलावरून पलीकडे गेले, त्यांच्याबरोबर नऊ बाटल्या आणि एक भरलेली बादली. फोर्कलिफ्टवाल्याने दोघांना कॉलर धरून वेगळं केलं. या सगळ्यात मास्तर खुर्चीवर बसून होते. एकच वाक्य बोलायचं होतं : माझं नाक गेलंय. ते घशापर्यंत आलं. एकवीस वर्षं, पेन्शनला चार बाकी, आणि नाक नसलेल्या चाखणाऱ्याला कोण ठेवतं? त्यांनी वाक्य गिळलं.

“ओळ लिहून द्या, मास्तर,” बाई म्हणाल्या.

त्यांनी लिहिलं, ‘पाहुण्यांसमोर बिनधास्त उघडावी. पंधरा.’ आणि सही केली. मग बाईंनी मोजा काढला. लेबल साडूंचं होतं.

वाइन साठ दुकानांत गेली. पहिल्या आठवड्यात लोक बाटल्या परत घेऊन आले. दुसऱ्या आठवड्यात त्या फेकू लागले. कुणीतरी एका दुकानाची पूर्ण खालची फळी लाथेने झोपवली. दुसऱ्या दुकानात एका माणसाने मुलीचं लग्न ठरल्याच्या जेवणासाठी बारा बाटल्या नेल्या होत्या आणि त्या होणाऱ्या व्याह्यांसमोर बिनधास्त उघडल्या होत्या. तो दुसऱ्या दिवशी आला, चिठ्ठी फाडून गल्ल्यावरच्या मुलीच्या तोंडासमोर नाचवली, “कोण आहे हा मास्तर?” म्हणून विचारलं, आणि तिला सांगता येईना तेव्हा बाटली तिच्याच तोंडावर हाणली. वरच्या ओठाला सात टाके पडले आणि पुढचा एक दात गेला.

शुक्रवारी गोदामात ही बातमी आली तेव्हा मास्तर खोके तपासत होते. फोर्कलिफ्टवाला त्यांच्याजवळ थांबला.

“मास्तर, एक विचारू? पैसे घेतलेत की भ्यालात?”

“काय?”

“साडूंची वाइन ना ती? पॅलेटवरून कोण पडलं होतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. आमच्यात पैज आहे. मी म्हणतो, भ्यालात. तुम्ही पैसे खाणाऱ्यातले नाही.”

हा त्याने केलेला सन्मान होता. मास्तरांना तो तिन्ही मारांपेक्षा जास्त लागला.

त्याच संध्याकाळी साडू मास्तरांच्या घरी आले. त्यांनी मास्तरांना छातीशी धरलं, इतकं, की जुळलेल्या बरगड्या पुन्हा बोलल्या.

“शेवटी साडू तो साडूच! चार लोक बोंबलतायत, बोंबलू देत. वास तर मलाही येतो. घाईत भरल्या बाटल्या. पण तू सही केलीस ना? गुद्दा बरोबर जागी बसला की माणूस सुधारतो बघ!”

बायको दारात उभी होती. तिच्या हातात लाटणं होतं आणि ती ते खाली ठेवत नव्हती. “दाजी,” ती म्हणाली, “निघा.”

“अगं, चहा तरी?”

“निघा म्हटलं ना. नाहीतर ताईला उद्या सांगावं लागेल की तुम्ही पॅलेटवरून पडलात.”

ते गेल्यावर मास्तर भिंतीकडे बघत बसले. “त्या मुलीचा दात गेला,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“सांगितलं तर नोकरी जाईल.”

“जाऊ दे. मी काय तुमच्या पगाराशी लग्न केलं होतं? तेव्हा होता तरी का पगार?”

सोमवारी सकाळी मास्तर बाईंच्या टेबलापुढे उभे राहिले आणि म्हणाले, “मला वर्षभर वास येत नाही. ते पंधरा गुण खोटे आहेत. लंबू आणि बरणी बरोबर होते.”

बाईंनी चष्मा काढला. “नाकाची सबब सांगून साडूंना वाचवताय का मास्तर, की स्वतःला?” त्यांनी सफाईच्या कपाटातून अमोनियाची बाटली आणली आणि झाकण उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, मान मागे गेली. “येतोय की वास!” बाई म्हणाल्या.

“वास नाही, झोंबतं ते! झोंबणं वेगळं!” पण हे डॉक्टरांना पटतं, खरेदीप्रमुखांना नाही. दारात लंबू, बरणी आणि फोर्कलिफ्टवाला जमले होते. कुणीतरी फसकन हसलं.

मग मास्तर चाखणीच्या खोलीत गेले. शुक्रवारची बादली अजून रिकामी व्हायची होती : तिघांनी थुंकलेली वाइन, दोन दिवस बंद खोलीत. बाकीचे दारातच नाकाला रुमाल लावून थांबले. मास्तरांनी ती दोन्ही हातांनी उचलली, तोंडाला लावली आणि सावकाश चार घोट घेतले. बरणी बाहेर पळाला आणि त्याच्या ओकाऱ्यांचा आवाज आला.

“आंबट आहे,” मास्तर तोंड पुसत म्हणाले. “जरा तुरट. बाकी काही नाही.”

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. “ठेवा ती खाली,” त्या कशाबशा म्हणाल्या. “पटलं.”

तासाभरात साठ दुकानांना निरोप गेला, की साडूंचा माल उतरवा. गल्ल्यावरच्या मुलीच्या दाताचा खर्च कंपनी देईल हेही ठरलं. आणि मास्तरांना बाईंनी सांगितलं, की चाखणारा म्हणून आता त्यांना ठेवता येणार नाही. त्यांनी मान हलवली आणि कपाटातले आपले दोन ग्लास कागदात गुंडाळायला घेतले.

निरोप साडूंनाही पोचला होता. मास्तर मालाच्या दारातून बाहेर पडले तेव्हा ते ट्रकला टेकून उभे होते, आणि या वेळी हातात टायर उघडायचा पाना होता. लोडर थबकले.

“किती गुण म्हणालास?” साडूंनी विचारलं. “सगळ्यांसमोर सांग. पंधरा म्हण आणि घरी जा.”

मास्तरांनी पुडकं जमिनीवर नीट ठेवलं. “मला वास येत नाही, साडूभाऊ. तो तुम्हीच घालवलात. ज्यांना येतो त्यांनी चार दिले. चार.”

पाना खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मालाच्या दारापर्यंत ऐकू आला. मास्तर गुडघ्यावर आले. “चार,” ते पुन्हा म्हणाले. दुसरा फटका जबड्यावर आला, त्याबरोबर दोन दात. तिसरा मात्र बसला नाही. लंबूने मागून साडूंच्या मानेभोवती हात आवळले होते, बरणीने त्यांच्या पायांत स्वतःला झोकून दिलं होतं, आणि फोर्कलिफ्टवाल्याने दोन्ही लोखंडी सुळे त्यांच्या पोटासमोर वीतभर अंतरावर आणून गाडी उभी केली होती. “हला आता,” तो म्हणाला. “हलाच तुम्ही. मी पैज हरलोय, आधीच डोकं फिरलंय.”

साडू हलले नाहीत. पाना हातातून पडला.

मास्तरांना पॅलेटवर बसवून आत आणलं. रुग्णवाहिका यायला वेळ होता, आणि आवारात कुणाला इजा झाली की नोंद करायची असते, म्हणून बाई रजिस्टर घेऊन शेजारी बसल्या. नाव झालं, वेळ झाली, जखमा झाल्या. ‘कारण’ या रकान्यापाशी त्या थांबल्या आणि मग लिहिलं : घरगुती वाद.

मास्तरांनी चांगल्या हाताने कागदावर थोपटलं. तोंड रक्ताने भरलं होतं. ते बाजूला थुंकले.

“घरगुती नाही,” ते म्हणाले. “कामाचा.”

“मास्तर, सकाळीच तुम्हाला काढलंय.”

“गुण मी सांगितले. त्यासाठी मारलं. लिहा.”

बाईंनी मालाच्या दाराकडे पाहिलं. तिथे लंबू अजून साडूंच्या मानेवर लटकलेला होता. मग त्यांनी ‘घरगुती वाद’वर रेघ मारली आणि वर नीट अक्षरात लिहिलं : कामावर असताना, सात नंबरला चार गुण दिल्यावरून.

मास्तरांनी ते दोनदा वाचलं, आणि डाव्या हाताने खाली वाकडी का होईना, सही केली.